मांजराला गोड कळत नाही

आमच्या घरात साखर नव्हती. नवऱ्याला मधुमेह निघाला त्याच आठवड्यात मी साखरेचा डबा घासून त्यात मेथ्या भरल्या आणि गुळाची ढेप गोठ्यातल्या म्हशीला घातली. पाहुणे आले की कडू चहा पिऊन जायचे आणि धसईच्या बाजारात सांगायचे की मास्तरीणबाई भारी चिकट. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर शहापूर तालुक्यातलं, बाप कसाऱ्याला रेल्वेत, त्यामुळे लग्न होऊन मुरबाडच्या या गावात आले तेव्हापासूनच मी शिष्ट ठरले होते. कडू चहाने त्यात फारशी भर पडली नाही.

पण आमचं घर म्हणजे अर्धं घर. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे दीर आणि थोरली जाऊ, आणि दोन्हीकडची पडवी एकच. जाऊ लग्न होऊन आली तेव्हा माझा नवरा चड्डीत फिरत होता. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, त्याच्या वाटणीची साय राखून ठेवली. तो पन्नाशीचा झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी ती सवय काही गेली नाही. मी शाळेत गेले की भिंतीपलीकडून हाक यायची, "भावजी, या जरा." पेढा, खरवस, दूधभातावर साखर, सणाचं उरलंसुरलं. मी भांडले की ती म्हणायची, "येवढासा खाल्ल्यानं काय होतंय गो? जीव मारून जगायचा का माणसानं?" नवरा मान खाली घालून हसायचा. दोघांचं संगनमत होतं आणि त्यात मी पोलीस.

रक्तातली साखर काही हटेना. मुरबाडच्या डॉक्टरांना हे चोरटं खाणं कुठून कळणार? नवरा सांगायचा, सगळं पथ्याने चाललंय. मग डॉक्टर दर खेपेला इन्सुलिन थोडं वाढवायचे आणि ती वाढलेली सुई रोज सकाळ-संध्याकाळ मी टोचायची. टोचताना मला वाटायचं, मी यांच्या पोटात नाही, जाऊबाईंच्या पेढ्यात सुई खुपसतेय.

ते गेले आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत. जाऊ तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी वासिंदला गेली होती. ती नसल्यामुळे पहिल्यांदाच घरात माझं राज्य होतं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, मूग, ठरल्या वेळी ठरलं तेवढंच. घरच्या यंत्रावरचा आकडा झरझर खाली आला. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, बघा, पथ्य म्हणजे काय असतं. त्या सकाळीही सुई झाली, अर्धी भाकरी झाली आणि ते शेतावर गेले. ऊन वर यायच्या आत बायका बोलवायला आल्या. बांधाशी उताणे पडलेले, सदरा पिळून काढावा इतका घामाने भिजलेला, दातखीळ बसलेली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. हृदयाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही ते मानलं. आवणीला आलेल्या बायकांनी मात्र सांगितलं की पडायच्या आधी ते बांधावरून झोकांड्या खात चालले होते, काहीतरी बरळत होते. "आमाला वाटला, घेतली हाय." आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस मेल्यावर आळीत दारुड्या ठरला. त्याचा राग मला कित्येक महिने पुरला.

जाऊ वासिंदहून आली ती पडवीतूनच टाहो फोडत. "मी असते तं भावजी गेले नसते." तेरा दिवस तिचं हे एकच वाक्य. येणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्यात पडून तेच. मी भिंतीला टेकून बसलेली असायचे आणि हे ऐकायचे. घरात मी होते. सुई, पथ्य, पायाच्या जखमा, सगळं मी केलं. आणि तिच्या वाक्याचा अर्थ काय, तर माझ्या हाती होते म्हणून गेले. त्या बाईचं तोंड दाबून धरावं असं मला वाटायचं, ते मी लपवत नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर झाडावर दोन-तीन बसलेले, पण खाली उतरतील तर शपथ. दीर हात जोडून बोलले, तुझ्या लेकीकडे बघू, शेत ओसाड टाकणार नाय. कुणी म्हणालं, बाईंना अंतर देणार नाय म्हणा. तेही म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे खाली मान घालून घरी आले. कशात तरी जीव अडकलाय, हे आळीने त्याच दिवशी ठरवलं.

तेराव्याला गोठ्याच्या पत्र्यावर पान ठेवलं. पानात भात, वडे, भाजी आणि जाऊने हट्टाने केलेली दाट बासुंदी. कावळे पुन्हा तसेच, लांब. आणि बघता बघता आमचा बोका पत्र्यावर चढला. हा बोका नवऱ्यानेच भाताच्या गिरणीतून आणलेला, तिथे पोत्यांमागे सापडलेला. तांबूस, जाडजूड, डाव्या कानाला चीर. तो ऐटीत पानापाशी गेला, भात हुंगला, वड्यांकडे पाठ केली आणि बासुंदीत तोंड घातलं. पान चाटून पुसून लख्ख केलं.

"आला गो," जाऊ म्हणाली. "गोडच खाल्ला बघ. त्याचा जीव गोडातच होता."

कुणी हसलं नाही. दिरांनी डोळे पुसले. मी एवढी शिकलेली, मीसुद्धा त्या क्षणी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटून काय उपयोग.

त्या दिवसापासून बोका आमचा राहिला नाही. गणपतीत मोदकाच्या आतलं सारण, दसऱ्याला श्रीखंड, दिवाळीला अनारसा दुधात कुस्करून. कुणाकडे गाय व्याली की पहिला खरवस बोक्याला. आळीतल्या बायका ताटली घेऊन पडवीत यायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. एक जण तर विहिरीच्या भांडणाचं गाऱ्हाणं त्याला सांगत होती. जिवंतपणी माझ्या नवऱ्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

हिवाळ्यात बोका आटला. खायचा राक्षसासारखा, पण पाठीचा कणा मोजून घ्यावा. मोरीतल्या बादलीशी तासन्‌तास पाणी पीत बसायचा आणि अंगणातल्या राखेत मुतून चिखल करायचा. मग चालणं बदललं. मागच्या पायांच्या टाचा टेकवून, बसल्यासारखा चालायला लागला. धसईच्या गुरांच्या दवाखान्यात नेला. तिथले डॉक्टर गाई-शेळ्यांत गुंतलेले, तरी त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, याला कल्याणला न्या." माझी मुलगी कल्याणला असते. भाजीच्या टोपलीत बोका घालून एसटीने मुरबाड, तिथून कल्याण. टोपलीतून तो ओरडायचा आणि लोक वळून बघायचे.

कल्याणची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने रक्त तपासलं आणि सांगितलं, मधुमेह. मला हसू आलं. इतकं की ती गोंधळली. मी म्हटलं, "चालू द्या. मला सगळं येतं."

येत होतंच. फक्त जागा बदलल्या. माणसाचं बोट टोचतात, मांजराचा कान. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं कानाला धरायचं, कान ऊबदार झाला की कडेच्या बारीक शिरेजवळ टोचायचं, मसुराएवढा थेंब आला की पट्टी लावायची. यंत्र नवऱ्याचंच. कपाटात तसंच पडलं होतं, काढलं आणि नवा सेल घातला. इन्सुलिन मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून, आधी खायला घालून, दिवसातून दोनदा. बोका पहिले काही दिवस फिस्कारला, नखं मारली. मग कळलं त्याला की खाणं आणि सुई एकाच हातातून येते, आणि तो सुईच्या वेळी आपणहून येऊन बसायला लागला. नवरा कधी आपणहून आला नाही. वीज गेली की इन्सुलिनची बाटली कोरड्या डब्यात घालून डबा माठातल्या पाण्यात सोडायची, ही युक्तीही जुनीच.

खाणं म्हणजे उकडलेली कोंबडी, अंडं, बिनमिठाची मासळी. भात नाही, दूध नाही, बिस्किट नाही. डॉक्टरीण सहज बोलून गेली, "आणि त्यांना गोड आवडतं वगैरे मनात आणू नका. मांजराला गोड चव कळतच नाही. दूध-तुपासाठी खातात ती."

हे वाक्य मी पदरात बांधून आणलं. आता जाऊला दाखवते, असं झालं मला. तिने ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे मांजराला कळत नाय ना गोड? मग हा खातो तो कोण?"

मी बोलले, पुष्कळ बोलले, दुधातलं तूप, जीभ, शास्त्र. ती मान हलवत राहिली आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा पडवीत ताटली चाटलेली होती.

पुन्हा तेच सुरू झालं. मी सुई द्यायची, आळीने साखर द्यायची. आकडा खाली येईना. मी कल्याणला फोन करायचे, डॉक्टरीण विचारायची, पथ्य पाळताय ना? मी हो म्हणायचे. काय सांगू, की माझं मांजर आळीचा पितर आहे म्हणून? ती म्हणायची, मग थोडं वाढवू या इन्सुलिन. मी वाढवायचे. टाचांवर चालणं काही थांबेना आणि मला दिसत होतं, हा याच वाटेने जाणार. एकदा एक माणूस या लोकांनी लाडाने संपवला, आता त्याचं मांजर. या खेपेला मी हरणार नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं. बोका जगला तर माझं खरं, इतकं ते सरळ झालं होतं माझ्यासाठी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी घरी होते. जाऊ दुधात भिजवलेली पुरणपोळी घेऊन पडवीत बसली होती आणि बोका तिच्या मांडीशी. आळीतल्या आणखी दोघी शेजारी. मी गेले, बोक्याच्या तोंडापुढची ताटली उचलली आणि तिच्यासमोर उकिरड्यावर भिरकावली. पोळी शेणात पडली. मी म्हटलं, "नवरा मारलात माझा गोड घालून घालून. आता याच्या तोंडाला कुणी हात लावाल तर बघा."

शब्द मोठ्याने निघाले. पार विहिरीपर्यंत गेले असतील. जाऊ उठली, लुगड्यावरचं पीठ झटकलं. "पितराचं पान शेणात टाकलंस गो," एवढंच म्हणाली. आत गेली आणि भिंतीपलीकडचं दार लावून घेतलं. ते दार दिवसा लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

अबोला सुरू झाला. तिचाच नव्हे, सगळ्या आळीचा. पाण्याला गेले की बोलणं थांबायचं. पण ताटल्या बंद झाल्या. एकही नाही. बोका सवयीने दारोदार जाऊन बसायचा आणि बायका त्याच्याकडे न बघता आत जायच्या. मला वाईट वाटलं का? नाही. मला गारगार वाटलं. जे प्रेमाने साधलं नाही ते भांडणाने साधलं.

त्या रविवारी सकाळी कान टोचला. यंत्रावर आकडा आला तो मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. निरोगी मांजराचा असावा तसा आकडा. कधी नव्हे तो. मी बोक्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कोंबडी घातली, त्याने अर्धीच खाल्ली, आणि ठरलेली सुई दिली. पुरती, वाढवलेली होती तेवढी. कल्याणला फोन दुपारी करू, चांगली बातमी आहे, घाई कसली.

मी भाजी निवडत होते. बोका चुलीकडून दाराकडे निघाला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. मागे सरला, पुन्हा आपटला. मग पडवीत आला तो तिरपा, एक पाय इकडे, एक तिकडे. मला आधी वाटलं, टाचांचंच दुखणं. मग त्याची मान वाकडी झाली, तोंडातून लाळ गळायला लागली आणि तो कुशीवर पडून पाय झाडायला लागला. दात घट्ट मिटलेले.

मी फोन लावला. डॉक्टरीण म्हणाली, "साखर उतरलीय. लगेच साखरेचं पाणी, गूळ, मध, जे असेल ते हिरड्यांना चोळा. आत्ता. मग इकडे आणा."

मी फळीवरचे डबे उघडत सुटले. मेथ्या. हळद. नाचणी. ओवा. पुन्हा मेथ्या. ज्या घरातून मी वेचून वेचून गोड घालवलं होतं त्या घरात चिमूटभर साखर नव्हती. बोका पडवीत पाय झाडत होता.

मी पलीकडचं दार वाजवलं. जाऊने उघडलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई, साखर द्या," मी म्हटलं.

तिला वाटलं असणार मी डिवचायला आले. मग तिची नजर माझ्या मागे पडवीत गेली. ती आत धावली, वाटीत साखर-पाणी कालवत बाहेर आली, फतकल मारून बसली, बोक्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोट वाटीत बुडवून त्याच्या दातांवर, हिरड्यांवर फिरवायला लागली. "भावजी, घ्या. घ्या हो जरासा. मी हाय ना हितं." पुन्हा बोट, पुन्हा वाटी. मी शेजारी फोन कानाला लावून उभी.

फोनवर डॉक्टरीण विचारत होती, "खाणं अचानक कमी झालं का? आधी काही जास्तीचं खात होता का?"

मी म्हटलं, "हो. लोक गोड घालायचे. या आठवड्यात बंद झालं."

ती मग म्हणाली, "मग तेच. आपण इन्सुलिन त्या गोडावर बसवलं होतं. गोड गेलं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं. असं झालं की जनावर झोकांड्या खातं, ग्लानीत जातं. वेळेवर साखर मिळाली नाही तर जातंच."

मी जाऊच्या मांडीवरच्या बोक्याकडे बघत होते. मिटलेले दात. आणि मला बांध दिसला. झोकांड्या, बरळणं, चिंब सदरा, दातखीळ. आवणीचे दिवस. जाऊ वासिंदला, घरात माझं राज्य, आकडा झरझर खाली, आणि सुई तेवढीच, पेढ्यांवर बसवलेली. शाळेत मी केलेली फुशारकी. बांधावर त्या बायकांपैकी एकीने त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला असता तर. पण त्यांना वाटलं, घेतली आहे. आणि डॉक्टरांना वाटलं, हृदय. मला काही वाटलंच नाही, मला सगळं येत होतं.

पक्कं कोण सांगणार? शवविच्छेदन झालं नव्हतं, राख नदीत गेली. पण मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

बोक्याने जीभ बाहेर काढली. एकदा, मग पुन्हा, आणि जाऊचं बोट चाटायला लागला. पाय थांबले. डोळे जागेवर आले. हळूहळू त्याने मान उचलली आणि इकडेतिकडे बघितलं, झोपेतून उठल्यासारखं.

जाऊने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद वगैरे नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. ती रडत होती. म्हणाली, "बघ गो. आज मी होते. तवा पन मी असते तं भावजी गेले नसते."

ज्या वाक्यासाठी मी तेरा दिवस तिचं तोंड दाबायला बघत होते, ते वाक्य. मी तिच्यासमोर उभी होते आणि मला नाही म्हणता येईना. दोघींनी मिळून त्यांना तोलून धरलं होतं, ती एका बाजूने गोड घालून, मी दुसऱ्या बाजूने सुई देऊन. ती बाजूला झाली आणि मी तशीच जोर लावून उभी राहिले. हे तिला सांगावं असं क्षणभर वाटलं. पण तिला त्यातलं काय नवं होतं? तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त तिचं कारण वेगळं होतं.

बोका जगला. कल्याणला नेलं, इन्सुलिन निम्मं झालं. आळीत आता कथा अशी आहे की बाई सुया टोचून मारत होत्या आणि जाऊबाईंच्या साखरेने जीव परत आला. मी ती खोडून काढायला जात नाही.

त्या संध्याकाळी मी मेथ्यांचा डबा रिकामा केला, घासला, पुसला आणि पलीकडे गेले. जाऊ चुलीशी होती.

"ताई," मी म्हटलं, "यात साखर भरून द्या. घरात असलेली बरी."

तिने डबा घेतला आणि तिच्या पद्धतीने भरला, आपटून आपटून, दाबून, वर शीग येईपर्यंत.